बातमी निघून गेल्यावरचा कॅमेरा

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराच्या वाचकांची पत्रं येतात आणि त्यांतली मागणी साधारण सारखीच असते: आवर्जून बघावेत असे माहितीपट सांगा. सोबत एक तक्रारही असते, की माहितीपट लावला की वर्गात बसल्यासारखं वाटतं. आज नावं देतो. ती निवडताना एकच कसोटी लावली आहे, ती आधी सांगतो. घटना घडली, वाहिन्यांच्या गाड्या आल्या आणि गेल्या. त्यानंतर हा दिग्दर्शक तिथं किती काळ थांबला? विषय केवढा मोठा, छायाचित्रण किती देखणं, पुरस्कार किती, हे मी नंतर बघतो. पहिल्या दिवशी माणसं कॅमेऱ्यासमोर जे बोलतात, ते बहुतेकदा त्यांनी आधीही कुणाला तरी सांगितलेलं असतं. कॅमेऱ्याची सवय झाल्यावर ती वेगळं बोलायला लागतात, मध्येच गप्प होतात, आधीचं बोलणं फिरवतात. तिथवर पोचायला महिने लागतात, कधी वर्षं.

या कसोटीवर पहिलं नाव आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'चं. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापलेले लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीनं गोळीबार केला. दहा माणसं गेली. पुढच्या काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधल्या आपल्या घरात, डोक्याला निळी पट्टी बांधून, आयुष्य संपवलं. घोगरे डाव्या सांस्कृतिक चळवळीत गाणारे. झोपडपट्टीवासीयांच्या घरांवर फिरणाऱ्या बुलडोझरबद्दल पटवर्धन यांनी १९८५ मध्ये 'हमारा शहर' केला होता, त्यात घोगरे गाताना दिसतात. ज्याचं गाणं आपण चित्रित केलं त्या माणसानं असं का केलं, या प्रश्नानं पटवर्धन कॅमेरा घेऊन बाहेर पडले. चित्रपट पुरा झाला २०११ मध्ये. चौदा वर्षं.

या चौदा वर्षांत काय काय झालं ते पडद्यावर हळूहळू साचत जातं. चौकशी आयोग बसतो, अहवाल येतो, गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालय जन्मठेप सुनावतं, मग त्याला जामीन मिळतो. ज्या पक्षांना वस्तीनं शिव्या घातल्या त्याच पक्षांच्या व्यासपीठावर तिचे पुढारी दिसू लागतात. गोळीबारात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते लोक म्हातारे होतात, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा आला की त्यांना तोच दिवस पुन्हा सांगावा लागतो. एखाद्या वार्ताहरानं हे केलं असतं तर ते छळ वाटलं असतं. इथं तसं वाटत नाही, कारण मधल्या काळात हा माणूस त्यांच्याकडं येत राहिला आहे, हे त्यांच्या बोलण्याच्या ढंगातच कळतं.

पण मला हा चित्रपट सर्वात जास्त आवडतो तो त्यातल्या गाण्यांसाठी. महाराष्ट्रातली आंबेडकरी चळवळ पुस्तकांइतकीच, कदाचित जास्तच, जलशांतून आणि कव्वालीच्या सामन्यांतून वस्तीवस्तीत पोचली. अक्षरओळख नसलेल्या बाईला बाबासाहेबांचं आयुष्य पाठ असतं ते त्या गाण्यांमुळं. पटवर्धन गाणी तुकड्यांत कापत नाहीत, पुरी होऊ देतात. ढोलकीवरचा हात, कोरसमधली मागच्या रांगेतली पोरं, पहिल्या रांगेत मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाया, सगळं दिसतं. मग पुण्याचा कबीर कला मंच हा गाणाऱ्या तरुणांचा गट येतो, त्यातली शीतल साठे येते. तिचा आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातो. आणि तिची आई येते, देवाधर्माची, मुलीची धास्ती वाटणारी, तरीही तिच्यावर भाळलेली. चित्रपट पुरा होत असतानाच मंचावर नक्षलवादी असल्याचे आरोप झाले आणि ही मंडळी भूमिगत झाली. पुढं एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि मंचातलेच सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले. ज्या तरुणांकडं पटवर्धन आशेनं बघत होते त्यांचंच असं व्हावं, हे कुठल्या पटकथेत आधी लिहून ठेवता आलं नसतं.

एक गोष्ट खटकते, तीही सांगायला हवी. सुखवस्तू मुंबईकरांना जातीबद्दल विचारून त्यांची अडाणी उत्तरं दाखवणारे काही प्रसंग त्यात आहेत. ती उत्तरं खरीच आहेत. पण रमाबाई नगरातल्या माणसाला जेवढा वेळ मिळाला तेवढा या माणसांना मिळालेला नाही, आणि ते प्रसंग म्हणूनच चित्रपटातले सगळ्यात पातळ प्रसंग आहेत. थांबण्याची कसोटी विरोधकांच्या दारातही लावायला हवी होती. लांबीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. न्याय मिळायला एवढी वर्षं लागत असतील तर बघणाऱ्यानं एक दुपार द्यायला हरकत नाही.

दुसरं नाव ऐकून तुम्ही हसाल, आणि हसावंच: फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. आपल्याकडं मालेगावचं नाव वर्तमानपत्रात कधी येतं? दंगल झाली की, किंवा बॉम्बस्फोट झाला की. २००६ आणि २००८ मध्ये तिथं स्फोट झाले तेव्हा देशभरचे कॅमेरे तिथं होते. फैझा खान गेल्या ते दुसऱ्याच कामासाठी. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख नावाचा एक अवलिया गावातल्याच लोकांना घेऊन गाजलेल्या चित्रपटांच्या आपल्या आवृत्त्या काढतो. आधी 'मालेगाव के शोले' काढला, आता त्याला सुपरमॅन उडवायचा आहे. नायक आहे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. या सुपरमॅनला दम्याचा त्रास आहे, कारण आकाशातली हवाच तशी! हिरवा पडदा लावून उडण्याची दृश्यं टिपली जातात. एका प्रसंगी कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. मध्येच शफीकचं लग्न येतं, चित्रीकरण थांबतं.

हसता हसता लक्षात येतं की हे फार गंभीर काम चाललं आहे. आठवडाभर मागांच्या खडखडाटात उभं राहून शुक्रवारच्या सुट्टीत पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला आपल्या गावचा माणूस उडताना बघायचा आहे. लेखक फरोग जाफरी स्वतःच्या मुंबईच्या स्वप्नाबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात जे येतं, त्याला कुठलंही पार्श्वसंगीत पुरं पडलं नसतं. फैझा खान कुणालाही गरीब बिचारा म्हणून दाखवत नाहीत आणि कुणाची थट्टाही करत नाहीत. हा तोल फक्त ओळखीतून येतो. चित्रपटगृहांत हा माहितीपट २०१२ मध्ये लागला, त्याच्या आदल्या वर्षी शफीक तोंडाच्या कर्करोगानं गेला. नंतर रीमा कागती यांनी याच मंडळींवर कथापट केला. तो बघितला असेल तर मूळ माहितीपट जरूर बघा. खरा शफीक, खरा नासिर आणि खरं मालेगाव त्यात आहे.

आता विदर्भ. दीपा भाटिया यांच्या २००९ च्या 'नीरोज गेस्ट्स' मध्ये पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर कॅमेरा कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या घरी जातो. आत्महत्या केलेल्या माणसाच्या घरात काय बोलायचं, कुठं बसायचं, चहा घ्यायचा की नाही, हे सगळं साईनाथ कसं करतात ते बघावं. वार्ताहर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हा तासाभराचा माहितीपट दाखवला पाहिजे असं मी अनेकदा म्हटलं आहे, पुन्हा म्हणतो. मुंबईतल्या एका फॅशन सप्ताहाला पाचशेवर मान्यताप्राप्त पत्रकार हजर होते आणि त्याच वेळी विदर्भात ठाण मांडून बसलेले पत्रकार जेमतेम सहा होते, हे साईनाथ सांगतात. त्या सप्ताहात कपडे सुती होते. शीर्षकातला रोमचा नीरो आणि त्याचे पाहुणे कोण, हे कळतं तेव्हा बघणाऱ्याला खुर्चीत नीट बसवत नाही.

वर्गात बसल्यासारखं वाटण्याची तक्रार मला पूर्ण मान्य आहे, आणि तिचं कारणही माहीत आहे. १९४८ मध्ये सरकारचं फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि मुख्य चित्रपटाआधी त्यांचे लघुपट दाखवणं चित्रपटगृहांना सक्तीचं झालं. दोनतीन पिढ्यांनी धरणं, खतं आणि कुटुंबनियोजन बघितलं ते एका भारदस्त पुरुषी आवाजाच्या देखरेखीखाली. तो आवाज सगळं आधीच ठरवून आलेला असायचा. पण याच संस्थेत साठच्या दशकात झाँ भावनगरी यांच्या पाठबळानं काही वेड्या माणसांनी फार धाडसी कामं केली, हे मराठी वाचकांना क्वचितच कुणी सांगतं. एस. एन. एस. शास्त्री यांचा १९६७ चा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' घ्या. देश वीस वर्षांचा झाला, तर त्याच्याच वयाच्या मुलामुलींना विचारू, एवढीच कल्पना. कुणी अवकाशाची स्वप्नं सांगतं, कुणी शेताची, कुणी देशाबद्दल विशेष काही वाटत नाही असंही तोंडावर सांगतं. सरकारच्या पैशानं सरकारी समारंभासाठी केलेल्या चित्रपटात ही उत्तरं राहिली, कापली गेली नाहीत! प्रमोद पती यांचा 'एक्सप्लोरर' आणि मणी कौल यांचा 'अरायव्हल' हेही तिथलेच. 'अरायव्हल' मध्ये मुंबईत येणारा माल आणि मुंबईत येणारा मजूर एकाच नजरेनं दिसतात, तेवढ्यानं पोटात खड्डा पडतो. यातलं बरंच आज यूट्यूबवर मोफत बघता येतं.

त्याच सरकारनं दूरदर्शनवर मात्र दारं बंद ठेवली. पटवर्धन यांचा १९९५ चा 'फादर, सन अँड होली वॉर' दूरदर्शनवर दाखवावा यासाठी लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि निकाल लागला २००६ मध्ये. अकरा वर्षं. माहितीपट कंटाळवाणा असतो हा समज पसरण्यात, जे कंटाळवाणे नव्हते ते आपल्यापर्यंत पोचूच दिले गेले नाहीत, याचाही वाटा आहे.

काही माहितीपट तर जपलेच न गेल्यानं आपल्यापर्यंत पोचले नाहीत. आपल्याकडचा पहिला माहितीपटकार मराठी होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून परतले, तेव्हाचं त्यांचं स्वागतही टिपलं. यातलं आज बघायला काही उरलेलं नाही. म्हणून शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा २०१२ चा 'सेल्युलॉइड मॅन' मी प्रत्येक चित्रपटवेड्या माणसाला सुचवतो. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी १९६४ पासून उभं केलं, त्या पी. के. नायर यांची ही कथा. काळोख्या थिएटरात छोट्या विजेरीच्या उजेडात वहीत टिपणं काढणारे नायर. दादासाहेब फाळके यांच्या नाशिकच्या कुटुंबाकडं जाऊन चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे गोळा करणारे नायर. 'कालिया मर्दन' मध्ये फाळके यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण होऊन नाचते, ते आपण आज बघू शकतो ते या माणसाच्या चिकाटीमुळं. भारतात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट झाले, त्यांतले पूर्ण स्थितीत उरले ते बोटांवर मोजण्याइतके. पहिला बोलपट 'आलम आरा', त्याचाही मागमूस नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभात फिल्म कंपनीच्या मूळ रिळांसह कितीतरी ठेवा जळाला. 'सेल्युलॉइड मॅन' बघताना म्हातारे नायर काठी टेकत रिळांच्या डब्यांमधून चालतात तेव्हा मला प्रत्येक वेळी राग येतो, आपल्या सगळ्यांच्या बेफिकिरीचा.

बाहेरच्या देशांतलं एकच नाव देतो, कारण यादी वाढवण्यात अर्थ नाही. 'हनीलँड', २०१९, उत्तर मॅसेडोनियातला. डोंगरातल्या ओसाड गावात खाटेला खिळलेल्या आईबरोबर राहणारी हातिजे रानमधमाश्या राखते. अर्धा मध आपला, अर्धा माश्यांचा, हा तिचा नियम. शेजारी एक मोठं कुटुंब गुरांसकट राहायला येतं, तेही मधाच्या मागं लागतं, आणि त्यांच्यावर व्यापाऱ्याचा तगादा असतो. तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह तीन वर्षं तिथं जात राहिले. हातिजे आणि तिची आई जुन्या वळणाचं तुर्की बोलतात, ते दिग्दर्शकांना समजत नव्हतं. संकलनाची सुरुवात त्यांनी केवळ चेहरे आणि हालचाली बघून केली. सह्याद्रीत आग्या मोहळाचा मध काढणारी माणसं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना हा चित्रपट परका वाटणार नाही.

परत आपल्या देशात येऊ. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' दिल्लीचा. वजिराबादच्या तळघरात दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात, कारण मांसाहारी पक्षी म्हणून पक्ष्यांच्या रुग्णालयानं त्या नाकारल्या होत्या. बाहेर शहर पेटत असतं आणि आत पंखाला टाके घातले जात असतात. एका प्रसंगी घार त्यांच्या तरुण सहकाऱ्याचा चष्माच पळवते. २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत माहितीपटांचा सर्वोच्च पुरस्कार याला मिळाला, तो योग्यच होता.

माझ्या कसोटीवर एक आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. बुंदेलखंडातल्या दलित बायकांनी २००२ पासून चालवलेल्या 'खबर लहरिया' या वृत्तमाध्यमावर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी 'रायटिंग विथ फायर' केला. दिग्दर्शकद्वय तिथं वर्षानुवर्षं जात होतं. चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. आणि २०२२ मध्ये समारंभाच्या तोंडावर 'खबर लहरिया'नंच जाहीर निवेदन काढलं, की यात दिसतं ते आमच्या कामाचं अर्धवट चित्र आहे, आम्ही एकाच पक्षाच्या मागं लागलेल्या बातमीदार नाही. म्हणजे थांबूनही चुकू शकतं. वर्षानुवर्षं टिपलेल्या दृश्यांतून दीड तास काढताना जे बाहेर राहिलं, त्याचा हक्क कुणाचा? मला चित्रपट आवडला होता, अजूनही आवडतो, पण तो बघणाऱ्यानं ते निवेदनही वाचावं असं मी आग्रहानं सांगतो. निष्ठा जैन यांनी 'लक्ष्मी अँड मी' मध्ये हाच प्रश्न स्वतःच्या घरात नेला. मुंबईत आपल्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मुलीवर त्यांनी माहितीपट केला आणि मालकीण म्हणून स्वतःला कॅमेऱ्यासमोर ठेवलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत घडणारा हा चित्रपट आहे. तो बघायला धीर लागतो.

ओटीटीवर माहितीपट म्हणून जे सगळ्यात जास्त खपतं, ते गुन्ह्यांचं. खून, तपास, ड्रोनमधून दिसणारं शहर, ठोके वाढवणारं संगीत, आणि पुढचा भाग लावायला भाग पाडणारा शेवट. त्यांतली माणसं मला दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. ज्या कुटुंबाचं माणूस गेलं, त्यांच्या दुःखावर हा बाजार उभा आहे, म्हणून मी ते सुचवत नाही आणि सुचवणार नाही.

मग बघायचं कसं? पटवर्धन यांनी आपलं बरंचसं काम यूट्यूबवर ठेवलं आहे. पण फोनवर, एकट्यानं, तुकड्यातुकड्यानं बघण्याचे हे चित्रपट नव्हेत. 'जय भीम कॉम्रेड' वस्त्यांत आणि चाळींत पडदा लावून दाखवला गेला. अतुल पेठे यांच्या 'कचराकोंडी'चं, पुण्याच्या सफाई कामगारांवरच्या माहितीपटाचंही खरं मोल माणसं एकत्र बसतात तेव्हाच कळतं. आपल्या राज्यात तालुक्यातालुक्याला सार्वजनिक वाचनालयं आहेत, बहुतेकांकडं सभागृह आहे, व्याख्यानमाला आहेत, खुर्च्या आहेत. प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. वाचनालयांच्या कार्यकारिणीवर असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे की महिन्यातला एक शनिवार यासाठी ठेवा, दिग्दर्शकांना परवानगीसाठी लिहा. बहुतेक जण आनंदानं देतात, कित्येक स्वतः येतात. पहिल्या महिन्यात 'आय अ‍ॅम ट्वेंटी' आणि 'सुपरमेन ऑफ मालेगाव' एकत्र लावा, दोन्ही मिळून दीड तासाच्या आत आटोपतात आणि मुलांनाही आणता येतं. दुसऱ्या महिन्यात 'नीरोज गेस्ट्स', आणि त्या दिवशी पहिल्या रांगेत शेतकरी बसवा. 'जय भीम कॉम्रेड' तिसऱ्या महिन्यात. तो दुपारी दोनला सुरू करा, मध्ये चहाची सुट्टी ठेवा, आणि नंतर बोलायला किमान तासभर सभागृह मोकळं राहील एवढं आधीच सांगून ठेवा.